त्या वर्षीचा रंग

समोरचे : नाही हो दादा, तुमची गफलत होतेय. दाताचा दवाखाना मास्तरांच्या जागेत झाला. काचवाल्याकडे व्यायामशाळा आहे. जिथे काचेमागे तो नवे मॉनिटर मांडायचा ना, तिथे आता माणसं एका जागी धावतात.

दादा : एका जागी कशी धावतील?

समोरचे : पट्ट्यावर. तासभर धावतात आणि चढले तिथेच उतरतात. आपण तरी त्या गल्लीत दुसरं काय केलं? फक्त आपलं वजन उतरलं नाही.

दादा : मी गल्लीची चौकशी करायला आलो नाही, समोरचे.

समोरचे : माहीत आहे. आधी बसा. उभ्या उभ्या कसलं बोलणं? त्या गादीवर बसा, ती दाखवायचीच आहे. प्लास्टिक करकरेल, तिकडे लक्ष देऊ नका. आणि अजून समोरचेच म्हणता मला? आता मी कोणाच्या समोर आहे? उशांच्या.

दादा : बावीस वर्षं तुमचं कॉम्प्युटरचं दुकान माझ्या दुकानासमोर होतं. दुसरं नाव तोंडात येत नाही.

समोरचे : माझी बायकोसुद्धा तेच म्हणायची. "समोरचे, पानं घेतली, चला." मुलगा म्हणतो, बाबा, गाद्यांच्या दुकानाच्या पाटीवर तरी खरं नाव लिहू द्या.

दादा : मला धाकट्याचा नंबर हवाय.

समोरचे : पाणी देऊ?

दादा : पाणी नको. माझ्या धाकट्या भावाचा फोन नंबर. तुमच्याकडे दहा वर्षं कामाला होता तो. तुमच्याकडे नसेल तर कोणाकडेच नाही.

समोरचे : एकोणीस वर्षांत कधी मागितला नाहीत.

दादा : घर विकलं. सोमवारी मुलीकडे जातोय, कायमचा. दोन बॅगा आणि औषधांचा डबा, एवढाच संसार उरलाय. आज शुक्रवार. जाण्याआधी त्याला एक वाक्य सांगायचंय. मग तो मोकळा आणि मी मोकळा.

समोरचे : कुठलं वाक्य?

दादा : की मी त्याला माफ केलं.

समोरचे : अच्छा.

दादा : अच्छा काय?

समोरचे : काही नाही. जुळ्यांचं कळलं का तुम्हाला?

दादा : विषय बदलू नका.

समोरचे : बदलत नाही, एक मिनिट. जुळे, प्रिंटरवाले. मोठा कोण आणि धाकटा कोण, गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळलं नाही. एकाने भाव ठरवायचा, चहा पाजायचा, आणि दुसऱ्याने येऊन म्हणायचं, "हा भाव कोणी दिला तुम्हाला?" त्यातला एक गेला. दोन वर्षं झाली. दुसऱ्याने त्या दिवशी कुलूप लावलं ते तसंच आहे. मी परवा काचेला नाक लावून बघितलं. प्रिंटरचे खोके छतापर्यंत रचलेले, कॅलेंडर त्याच महिन्यावर. तो रोज संध्याकाळी येतो म्हणे, कुलूप ओढून बघतो आणि निघून जातो. उघडत नाही.

दादा : उघडून करणार काय? आतली शाईसुद्धा वाळली असेल.

समोरचे : तेच म्हणतो मी. सगळी गल्ली तशीच वाळली. मास्तरांचा क्लास आठवतो? कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर.

दादा : मशीनला धूळ चालायची नाही.

समोरचे : धूळ कसली? दरारा. दाराशी चाळीस जोड चपला दिसल्या की नवा माणूस आपोआप हळू बोलायचा. आता तिथेच लोक बूट घालून आत जातात आणि आ करून बसतात. मास्तर मुलाकडे असतात. नातू त्यांना फोनवर फोटो कसा पाठवायचा ते शिकवतो आणि चुकले की ओरडतो.

दादा : आणि काचवाला स्वतः?

समोरचे : बघा, आता तुम्हीच विचारलंत.

दादा : विचारलं. सांगा आणि नंबर द्या.

समोरचे : काचवाला गोदामात कामाला आहे. लोक घरबसल्या माल मागवतात ना, त्या मालाच्या गोदामात. दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावतो. ज्यांनी त्याचं दुकान गिळलं त्यांच्याच खोक्यांना. मला म्हणाला, "एक मात्र बरं झालं, आता गिऱ्हाइकाचं तोंड बघावं लागत नाही." आणि हे कोण म्हणतो, तर जो माणूस दाराशी उभा राहून अख्ख्या गल्लीला नमस्कार करायचा.

दादा : माझ्याकडे लोक यायचे, माऊस हातात धरायचे, बटण दाबून बघायचे, "मस्त आहे हो काका" म्हणायचे आणि घरी जाऊन तोच माऊस मागवायचे. एकाचा तो चालला नाही, तर तो माझ्याकडेच दुरुस्तीला घेऊन आला.

समोरचे : आणि तुम्ही दुरुस्त केलात.

दादा : केला. बंद पडलेली वस्तू पुढ्यात ठेवली की हात गप्प बसत नाहीत.

समोरचे : तुमच्या जागेत आता काय आहे, बघितलंत?

दादा : बघायला काय झालंय? तिथलंच यंत्र कानात घालून बसलोय. ऐकण्याच्या मशीनचं दुकान झालंय. माझं काउंटर होतं बरोबर तिथे खुर्ची. त्या मुलीने मला बसवलं, यंत्र घातलं आणि विचारलं, "काका, ऐकू येतंय का?" मी म्हटलं, येतंय. माझ्या दुकानात बसून मला परक्या मुलीने काका म्हटलेलं चांगलं स्वच्छ ऐकू आलं.

समोरचे : निकालाच्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नसायची. परीक्षेचा निकाल बघायला सगळं गाव आपल्या गल्लीत. घरी कॉम्प्युटर होता कोणाकडे? पोरं, आया, बाप, आत्या. माझ्याकडे रांग, तुमच्याकडे रांग. पण तुमची रांग नेहमी लांब.

दादा : धाकट्यामुळे.

समोरचे : धाकट्यामुळेच. मी आपला मोठ्याने वाचायचो, पास, पास, नापास. तो नापास कधी वाचायचा नाही. नुसता पडदा त्या पोराकडे वळवायचा आणि स्वतः उठून पंखा कमी-जास्त करायला जायचा.

दादा : पुरे. नंबर द्या.

समोरचे : देतो. आधी एक सांगा. तुम्ही त्याला माफ करणार म्हणजे नेमकं कशाबद्दल?

दादा : तुम्हाला ठाऊक नाही?

समोरचे : तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. गल्लीने सांगितलं ते तिखटमीठ लावून.

दादा : मग अळणी ऐका. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशचा ठिपका. हार्ड डिस्क असो, पॉवर सप्लाय असो, नाहीतर रॅमची बोटभर हिरवी पट्टी असो. उजव्या कोपऱ्यात, मुगाएवढा. गिऱ्हाईक वॉरंटीत वस्तू घेऊन आलं की पावती नाही बघायची, ठिपका बघायचा. असला तर आपली वस्तू, नसला तर हात जोडायचे. कागद हरवतो, स्टिकर सुटतो. नेलपॉलिश सुटत नाही.

समोरचे : गल्लीत नाव होतं त्या ठिपक्याचं.

दादा : आणि दर एप्रिलला रंग बदलायचा. म्हणजे वस्तू कुठल्या वर्षीची तेही कळतं. एक वर्ष लाल, एक वर्ष गुलाबी, एक वर्ष मोतिया. त्या वर्षी वाइन रंग होता. हिनेच आणला होता. रंग कुठला ते आम्हा तिघांना माहीत. मला, हिला आणि धाकट्याला. तोच लावायचा ठिपके, दुपारी माल ओळीने मांडून. दोनशे ठिपके लावले तरी एक दुसऱ्याहून मोठा नाही.

समोरचे : हात स्थिर होता त्याचा.

दादा : फेब्रुवारीत, एका बुधवारी तुमचं एक गिऱ्हाईक बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडे आलं. बुधवारी तुमचं दुकान बंद असायचं म्हणून. धाकटा बाहेर गेला होता. मी कॅबिनेट उघडलं. रॅमच्या पट्टीवर ठिपका. वाइन.

समोरचे : हं.

दादा : मी कॅबिनेट परत बंद केलं. एकाच पट्टीवरून माणूस बोलत नाही. पण पंधरा दिवसांत तुमच्याकडची आणखी दोन मशीनं आली. दोन्हींत वाइन. म्हणजे माझ्या कपाटातला माल तुमच्या दुकानातून विकला जातोय. आणि कपाटाला हात लावणारे दोघंच, मी आणि तो.

समोरचे : माल मोजलात?

दादा : काय?

समोरचे : कपाटातला माल. किती असायला हवा होता आणि किती होता. मोजून बघितलात?

दादा : मोजायचा कशाला? खूण होती ना समोर. खुणेवर तर माझा सगळा धंदा उभा. खुणेवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

समोरचे : भावावर.

दादा : हे तुम्हाला बोलायला सोपं आहे.

समोरचे : सोपं नाही, दादा. पुढे सांगा. काय म्हणालात त्याला?

दादा : म्हणालो, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. ठेवला. ती पट्टी त्याच्यापुढे टाकली. म्हणालो, हा ठिपका कोणाचा? त्याने उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "आपल्यासारखाच दिसतोय." मग म्हणाला, "दादा, माल मोजून बघ." दोनदा म्हणाला. मला वाटलं, वेळ काढतोय. मी म्हटलं, समोरचा किती देतो तुला? त्यावर तो दुकानातून उठून गेला. संध्याकाळी कपडे घेऊन घरातूनही गेला. ही त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तुमच्या बाकावर बसलेला. मग आणखी मोजायचं काय राहिलं?

समोरचे : आता मी बोलतो. मध्ये तोडू नका. तोडलंत तर माझ्याने पुरं होणार नाही, मी परत जुळ्यांवर जाईन.

दादा : बोला.

समोरचे : तुमच्या ठिपक्याचा मला हेवा वाटायचा. माझ्याकडे लोक कुठला कुठला माल आणून वॉरंटी मागायचे आणि मी दारात भांडत बसायचो. त्या वर्षी जानेवारीत म्हटलं, आपणही ठिपका लावायचा. गेलो कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये. बाई म्हणाल्या, रंग कुठला? आता मी काय सांगणार? आमच्या घरात नखं वाढायच्या आत कापायची पद्धत. म्हटलं, टिकेल असा कुठलाही द्या, मशीनच्या पार्टला लावायचाय. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग हाच घ्या. तुमच्या समोरचे कॉम्प्युटरवाले हाच नेतात. त्यांची मिसेस स्वतः येऊन नेते."

दादा : कुठला?

समोरचे : वाइन.

दादा : नाही.

समोरचे : बाटली खिशात घालून आलो. मला कुठे माहीत की तुमच्याकडे रंगावर वर्ष ठरतं आणि वर्षावर माणूस ठरतो? मला वाटलं, ठिपका तो ठिपका. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पट्टीवर तोच रंग. त्याच उजव्या कोपऱ्यात. तुमच्यावरूनच उचललेलं, तर कोपरा तरी वेगळा कशाला?

दादा : तुम्ही खोटं बोलताय. त्याला वाचवायला.

समोरचे : आता? कोणापासून वाचवू त्याला? तुम्ही तर माफ करायला निघालात.

दादा : मग तेव्हा का नाही बोललात?

समोरचे : पहिले दोन दिवस मला काही ठाऊकच नव्हतं. तो दारात आला, म्हणाला, "दादाकडून सुटलो, काम आहे का?" मी का खोलात शिरू? गल्लीतला सगळ्यात चांगला हात आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आला होता. बंद मशीनला नुसता कान लावायचा आणि सांगायचा, आत काय गेलंय. मी म्हटलं, बस. आणि तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या.

दादा : कोण वहिनी?

समोरचे : आपल्या वहिनी. तुमच्या घरच्या.

दादा : ही? तुमच्या दुकानात? ती कधी रस्ता ओलांडून तिकडे आली नाही.

समोरचे : एकदाच आल्या. तुम्ही माल आणायला गेला होतात. पायरीवरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, जनरल स्टोअरवाली सांगत होती, समोरच्यांनीही आमचीच बाटली नेली. खरं आहे का? खरं असेल तर एकदा येऊन यांना दाखवा. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, तू त्याचीच बाजू घेणार. तुम्ही दाखवलीत तर ऐकतील."

दादा : मग?

समोरचे : मी म्हटलं, "नाही वहिनी. आम्ही स्टिकर लावतो."

दादा : का?

समोरचे : त्या बोलत असतानाच मला सगळी भानगड कळली होती. धाकटा एका गिऱ्हाइकाकडे गेला होता, बाकावर त्याचा चष्मा पडला होता. मला दिसलं, की मी हो म्हटलं तर संध्याकाळी हा चष्मा उचलून तो रस्ता ओलांडून परत जाणार. एवढंच कारण. दुसरं एखादं बरं कारण मिळतं का म्हणून पुष्कळ शोधलं मी. नाही मिळालं.

दादा : ती मला यातलं काही बोलली नाही. जाईपर्यंत नाही. नुसती म्हणायची, एकदा भाऊजींना जेवायला बोलवू या. मी म्हणायचो, आधी त्याने कबूल करू दे. शेवटच्या आजारपणात, औषधं घेताना, तेच. भाऊजींना बोलवा. मी म्हटलं, बरी हो, मग बघू.

समोरचे : दादा, घोटभर पाणी घ्या.

दादा : नको म्हटलं ना. आणि त्याला? त्याला कधी कळलं?

समोरचे : महिन्याभरात. ड्रॉवरमध्ये बाटली सापडली त्याला. मी मागे सरकवून ठेवली होती, पण दिवसभर स्क्रू शोधणाऱ्या माणसापासून ड्रॉवर काय लपणार? बाटली हातात धरून बसला. विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, जानेवारी. मग मीच म्हटलं, चल, आत्ता तुझ्या दादाला सांगतो. खरंच म्हटलं हो. एवढा काही मेलो नव्हतो मी.

दादा : मग आला का नाहीत? बारा पावलांचा रस्ता होता.

समोरचे : त्याने अडवलं. म्हणाला, "ज्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं नाही, त्याला बाटलीकडे बघून कळलं काय आणि नाही काय." बाटली कचऱ्यात टाकली आणि पुढचं मशीन उघडलं. आणि मला बरं वाटलं, दादा. हेही तुम्हाला सांगायला हवं. मला मनातून बरंच वाटलं.

दादा : दहा वर्षं मी काउंटरवरून त्याची पाठ बघितली. सकाळी शटर उघडलं की पहिली त्याची पाठ. रोज मनात म्हणायचो, बसला चोर कामाला.

समोरचे : बाक त्यानेच उलटा करून घेतला होता. म्हणाला, तोंड भिंतीकडे असू दे, उजेड डोळ्यांवर येतो.

दादा : नंबर द्या.

समोरचे : आता काय सांगणार त्याला?

दादा : तेच कळत नाही. वाक्य तयार होतं माझं. ही गेल्यावर तयार केलं होतं. "झालं गेलं विसरून जा, माझ्या मनात काही नाही." चांगलं पाठ होतं. आता त्यातलं एक अक्षर कामाचं राहिलं नाही.

समोरचे : "माझं चुकलं" म्हणा.

दादा : म्हटलं नाही कधी.

समोरचे : म्हणून बघा. इथे ऐकायला कोण आहे? गाद्या.

दादा : माझं... तुम्ही तिकडे बघा बरं.

समोरचे : बघतोय, भिंतीकडे बघतोय.

दादा : माझं चुकलं.

समोरचे : जमलं की. मीही म्हणून घेतो. माझंही चुकलं, दादा.

दादा : तुमचं नंतर. आज माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही.

समोरचे : मागितलं कुठे मी?

दादा : करतो काय तो आता?

समोरचे : मी दुकान बंद केल्यावर त्याने कोर्टामागे एक जागा घेतली. जागा म्हणजे काय, एका इमारतीचा जिना आणि जिन्याखाली तो. प्रिंटरमध्ये शाई भरतो, वकिलांचे कागद छापून देतो, जुनी मशीनं दुरुस्त करतो. उभं राहिलं तर डोकं पायरीला आपटतं, म्हणून बसूनच असतो. आपल्या सगळ्यांची एवढी पाट्या लावलेली दुकानं गेली, आणि त्याचं टिकलं. त्याला पाटीच नाही.

दादा : लावा त्याला. तुमच्या फोनवरून लावा.

समोरचे : माझा फोन तो उचलत नाही.

दादा : दहा वर्षं कामाला होता ना तुमच्याकडे?

समोरचे : दुकान बंद केलं त्या दिवशी मी त्याला वहिनींचं सांगितलं. पायरीवर येऊन गेल्या ते. बाटलीचं त्याने सोडून दिलं होतं, दादा. हे नाही सोडलं. चाव्या बाकावर ठेवल्या आणि गेला. तेव्हापासून नऊ वर्षं झाली. तुमचा फोन द्या, त्यावरून लावतो. आणि स्पीकरवर ठेवतो, म्हणजे तुमच्या कानातल्या यंत्राला त्रास नको.

(फोनची रिंग वाजत राहते. बऱ्याच वेळाने उचलला जातो.)

फोनवरून : हां, बोला.

दादा : हॅलो.

फोनवरून : जरा मोठ्याने, काका. इथे प्रिंटर चालू आहे.

दादा : ते... कॉम्प्युटर. कॉम्प्युटर चालू होत नाही.

समोरचे : अहो दादा, काय हे...

फोनवरून : पुढचा दिवा लागतो का?

दादा : लागतो.

फोनवरून : पंखा फिरल्याचा आवाज येतो?

दादा : येतो.

फोनवरून : आणि पडद्यावर काहीच नाही. आतून बीप वाजते का? किती वेळा?

दादा : तीनदा.

फोनवरून : मग रॅम. पट्टी काढायची, तिची कड खोडरबराने घासायची आणि परत बसवायची. तुमच्याने होणार नाही. घरात नातवंडं असतील कोणी, त्यांना सांगा.

दादा : घरात कोणी नाही.

फोनवरून : बरं. वहीत लिहून ठेवतो, मोकळा झालो की फोन करतो. नाव काय लिहू?

दादा : दादा लिही.

फोनवरून : दादा काय? पुढे?

दादा : पुढे काही नाही. तुझा दादा बोलतोय.

समोरचे : चालू आहे फोन. ठेवला नाही त्याने. बोला, बोला.

दादा : माझं चुकलं. ऐकतोयस ना? तो ठिपका आपला नव्हता. तू मोजून बघ म्हणालास, मी मोजलं नाही. माझं चुकलं रे.

फोनवरून : एक मिनिट. ताई, ती पानं इतक्यात उचलू नका, शाई ओली आहे. दोन मिनिटं थांबा. हां. कोणी सांगितलं तुम्हाला?

दादा : समोरच्यांनी.

फोनवरून : बाटलीचं?

दादा : हो.

फोनवरून : कधी?

दादा : आत्ता. अर्धा तास झाला असेल.

फोनवरून : म्हणजे अर्ध्या तासापूर्वीपर्यंत मी चोरच होतो.

दादा : तुला माफ करायला निघालो होतो मी.

फोनवरून : बरं.

दादा : सोमवारी मी जातोय. मुलीकडे, कायमचा. घर दिलं. उद्या एकदा घरी येतोस? सामान गेलंय सगळं, रिकामं आहे, पण अजून आहे.

फोनवरून : मी कोणाच्या घरी जाऊन काम करत नाही. मशीन इकडे आणावं लागतं.

दादा : मशीन नाहीच माझ्याकडे. ते मी उगाच बोललो. मग काय घेऊन येऊ?

फोनवरून : काही आणू नका. उद्या शनिवार, अकराला उघडतो मी. एकला बंद करतो.